‘ॲडजस्टेबल अंगठीला माप लागत नाही’? लागतं, आणि एक नाही, दोन

सध्या एक मेसेज फिरतोय. बोटाचा सांधा जाड असल्यानं अंगठी चढत नसेल, किंवा चढली तर खाली गरगर फिरत असेल, तर हातानं घडवलेली उघड्या तोंडाची, म्हणजे टोकं न जोडलेली ‘ॲडजस्टेबल’ अंगठी घ्या. माप द्यायला नको, सैल झाली की दाबा, घट्ट झाली की उघडा, जोडवी नाही का वर्षानुवर्षं तशीच चालतात? कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) किंवा चांदीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीच्या कारागिराकडे अशी अंगठी घडवायला टाकण्याआधी यातला एकेक मुद्दा तपासून घ्या.

‘माप नको.’ अंगठीच्या पट्टीएवढ्याच रुंदीची कागदी पट्टी कापा. एकदा मधल्या सांध्याच्या सगळ्यात जाड भागावर गुंडाळा, एकदा बोटाच्या तळाशी. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सकाळी उठल्याउठल्या किंवा गार पाण्यात हात घातल्यावर मोजू नका, दुपारनंतर मोजा. सांधा 60 आणि तळ 54 आला, तर फरक 6. अंगठी कोणत्या प्रकारची हवी ते हा फरकच ठरवतो. तो 2-3 मिमी असेल तर उघडी अंगठी खुशाल घ्या. त्यापुढे तिचे हाल सुरू होतात.

‘हवी तेव्हा उघडा, हवी तेव्हा दाबा.’ मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. तोंड उघडताना पूर्ण वळं सारखं वाकत नाही. बाक मुख्यतः तोंडाच्या बरोबर समोर, पाठीच्या मधोमध पडतो. 92.5 टक्क्यांची चांदी दर वाकवण्याला तिथंच कडक होत जाते. 6 मिमी फरकाच्या बोटात रोज घालायची-काढायची म्हणजे दिवसातून दोनदा तीच जागा ताणायची. आधी पाठीवर नखाला खरखर लागते, मग आडवी केसासारखी रेघ दिसते, मग तुकडा. खरखर लागली तेव्हाच कारागिराकडून ताव देऊन घ्यावा: मंद लाल होईपर्यंत, साधारण 600 ते 650 अंश सेल्सिअस. चांदी पुन्हा मऊ होते. चीर पडल्यावर डाग देऊन (वितळलेल्या धातूनं जोडून) भागत नाही, कारण डागाचा सांधा वाकायच्या जागेवरच येतो आणि पुन्हा सुटतो. शुद्ध चांदी घ्यावी तर ती इतकी मऊ, की दाबलेला आकारच धरत नाही. पितळेवर सोन्याचं पाणी दिलेल्या अंगठीचा मुलामा बाकावर आधी जातो, मीना असेल तर तो तडकतो.

कमी-जास्त करायचीच असेल तर पक्कड लावू नका, तिचे दात उमटतात. मापाच्या निमुळत्या काठीवर चढवून लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायची, तीही क्वचित.

घडवतानाचा हिशेब असा: आतला परिघ 54 हवा आणि पट्टी 1.5 मिमी जाड, तर बंद वळ्याला 54 अधिक जाडीच्या 3.14 पट, म्हणजे सुमारे 58.7 मिमी पट्टी लागते. 4 मिमी तोंड ठेवायचं तर ती 54.7 कापायची. दोन्ही टोकं कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर साडीचा धागा ओढलाच म्हणून समजा.

‘जोडवी चालतातच की.’ चालतात, कारण ती एकदा दाबून बसवली की वर्षभर कुणी हात लावत नाही. अंगठी पीठ मळतानाही काढतात.

‘खडा असला तरी फरक पडत नाही.’ खडा वर आणि तोंड तळव्याकडे असेल, तर सगळा बाक खड्याच्या घराशी येतो. खडा धरणाऱ्या नख्या सैल होतात, तो हलायला लागतो. खडा उघड्या टोकांपैकी एकावर बसवला तर बाक तळव्याच्या बाजूला जातो. मागताना हे स्पष्ट सांगा.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे. उन्हाळ्यात किंवा गरोदरपणात बोटं सुजतात, तेव्हा उघडी अंगठी सोयीचीच. निदान अडकून कापायची वेळ सहसा येत नाही.

6 मिमी फरकाच्या बोटाला दोन चांगले उपाय आहेत. पहिला, सांध्यावरून जेमतेम उतरेल अशी बंद अंगठी करून आतून तळव्याकडच्या दोन्ही अंगांना चांदीचे 2 मिमीचे दोन रवे (बारीक गोळ्या) डागून घ्यायचे; मधे पुरेशी जागा ठेवली तर अंगठी चढते आणि खाली फिरत नाही. दुसरा, बिजागरी आणि खटक्याची अंगठी: तळाच्या मापाची, बाजूनं उघडणारी. तिला पट्टी जाड लागते आणि मजुरीही जास्त, पण सांधा फारच मोठा असेल तर हीच करावी. जुन्या अंगठीला रवे लावायचे असतील आणि तिच्यात मोती किंवा पोवळं असेल, तर आच देण्याआधी खडा काढायला लावा. दोन्ही आचेनं खराब होतात, आणि डागानंतर चांदी ज्या आम्लात टाकतात त्यानंही.