रखमाबाईंना राणीने सोडवलं नाही

22 नोव्हेंबर हा डॉ. रखमाबाईंचा जन्मदिवस जवळ आला की त्यांचा फोटो आणि त्याखालचा एक मजकूर मोबाइलवरून फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गोष्ट तीच. बालपणी झालेलं लग्न नाकारलं म्हणून कोर्टाने रखमाबाईंना तुरुंगाची धमकी दिली. त्यांनी थेट राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. राणीने कोर्टाचा निकाल फिरवून लग्न रद्द केलं. म्हणून त्या भारतातल्या पहिल्या घटस्फोटित स्त्री. पुढे त्या पहिल्या डॉक्टर झाल्या, त्यांच्यामुळेच 1891 चा संमतिवयाचा (मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं किमान वय ठरवणारा) कायदा आला, आणि आज कोणत्याही स्त्रीवर तशी वेळ येत नाही.

पाठवणाऱ्यांच्या मनात रखमाबाईंबद्दल आदर असतो, याबद्दल शंका नाही. पण हा मजकूर वाचून मला दरवर्षी संताप येतो. त्यात रखमाबाईंनी काय केलं? एक पत्र लिहिलं. बाकी सगळं राणीने केलं! चार वर्षांची झुंज एका ओळीत दुसऱ्याच बाईच्या नावावर चढवली गेली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी राणीचं. खटला असा होता. रखमाबाईंचा जन्म 1864 चा, मुंबईचा. वडील त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या सुतार जातीत विधवेचं लग्न चालत होतं. पुनर्विवाहाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली. रखमाबाई 11 वर्षांच्या असताना दादाजी भिकाजीशी त्यांचं लग्न लागलं. तो त्यांच्याहून आठेक वर्षांनी मोठा, सखाराम अर्जुनांच्या नात्यातला. त्याने सासरेबुवांच्या घरी राहावं, शिकावं, माणूस व्हावं असं ठरलं होतं. त्याने शिक्षण सोडलं आणि तो मामाकडे राहायला गेला. मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाची, म्हणजे शरीरसंबंध सुरू करण्याच्या विधीची, मागणी झाली, तेव्हा सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर असल्यामुळे ठाम नाही म्हणाले. रखमाबाई माहेरीच राहिल्या, घरी बसून वाचत राहिल्या. नवरा-बायको म्हणून ते दोघे एक दिवसही एकत्र राहिले नाहीत.

1884 मध्ये दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि पुढे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे बायकोला कोर्टामार्फत नांदायला आणण्याचा, दावा लावला. सप्टेंबर 1885 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे दोघे कधी एकत्र नांदलेच नाहीत, तर पुनःस्थापना कशाची करायची? आणि कळत नव्हतं अशा वयात जिचं लग्न लावलं, त्या स्त्रीला आता तिच्या मनाविरुद्ध एका पुरुषाच्या हवाली करणं त्यांना अमानुष वाटलं. 'केसरी' आणि 'मराठा' ही वर्तमानपत्रं या निकालावर तुटून पडली. पिन्हींना हिंदू धर्मशास्त्र कळलेलं नाही, हा त्यांचा सूर होता. 1886 मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्या. बेली यांनी अपिलात निकाल उलटवला आणि खटला फेरसुनावणीला पाठवला. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंग चालेल, नांदायला जाणार नाही.

आता ते पत्र. 1887 हे राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्ष. त्या वर्षी रखमाबाईंचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापलं गेलं, त्यात राणीला आवाहन होतं हे खरं. पण मागणी काय होती? आपलं लग्न मोडा अशी नाही. मुलाची 20 आणि मुलीची 15 वर्षं भरण्याआधी लागलेलं लग्न कोर्टात आल्यास ते कायदेशीर धरू नये, एवढा बदल हिंदू कायद्यात करा, अशी होती. डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार असताना बावीस वर्षांची ही बाई लाखो मुलींसाठी कायदा मागत होती. फिरत्या मजकुराने तिच्या या मागणीचा दयेचा अर्ज करून टाकला आहे.

राणीने त्यावर काय केलं? रखमाबाईंच्या खटल्यात काहीच नाही. उच्च न्यायालयाचा निकाल असा एका सहीने फिरवला जात नसे. पुढची पायरी होती लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय, आणि हा खटला तिथवर गेलाच नाही. जी मागणी पत्रात होती तीही मान्य झाली नाही. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला 1929 मध्ये, म्हणजे 42 वर्षांनी. त्यात मुलीचं वय धरलं 14, रखमाबाईंनी मागितलं होतं त्याहूनही एक वर्ष कमी. आणि लहान वयातलं लग्न त्या कायद्याने रद्द ठरत नव्हतं, फक्त ते लावणाऱ्यांना शिक्षा होत होती.

मग प्रकरण मिटलं कसं? जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. ना राजाज्ञा, ना न्याय, रोख रक्कम. ही गोष्ट राणीच्या गोष्टीइतकी देखणी नाही हे मला कळतं. पण जी बाई चार वर्षं मागे हटली नाही, कोर्टाचा हुकूम डोक्यावर असताना हटली नाही, तिच्यापुढे शेवटी समोरचा पैसे घेऊन बाजूला झाला. मला तरी हा शेवट राणीच्या कृपेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

याच ओघात 'पहिली घटस्फोटित स्त्री' हेही निकालात निघतं. तडजोडीने हुकमाची अंमलबजावणी टळली, लग्न मोडलं नाही. हिंदू पुरुषाला तेव्हा पहिली बायको हयात असतानाही दुसरी करता येत होती, त्यामुळे दादाजीला घटस्फोटाची गरजच नव्हती. रखमाबाईंना मात्र कायद्याने त्या लग्नातून बाहेर पडायला दारच नव्हतं. 1904 मध्ये दादाजी वारला आणि रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. घटस्फोट झालेल्या बाईने हे कशाला केलं असतं? मुंबई प्रांतात सर्व हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा आला 1947 मध्ये, आणि देशभरासाठीचा हिंदू विवाह कायदा लागू झाला 18 मे 1955 ला. त्यानंतर चार महिन्यांनी, 25 सप्टेंबरला, रखमाबाई गेल्या. 'पहिली' हे बिरुद दुसऱ्या बाजूनेही टिकत नाही. ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा 1869 पासून होता, मुसलमानांत तलाक आणि 'खुला' (बायकोने मागितलेला घटस्फोट) होता, आणि कितीतरी हिंदू जातींत काडीमोड पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून त्या नव्हत्याच असं धरून कसं चालेल?

या मजकुराचा एक गाभा आहे, तो शब्दांत फारसा येत नाही पण वाचताना मनात ठसतो: सनातनी हिंदू एका बाजूला आणि न्यायी इंग्रज दुसऱ्या बाजूला. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा तपासायला हवा. बायकोला कोर्टामार्फत नांदायला आणण्याचा दावा आला कुठून? तो मूळचा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांचा. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत बायकोच्या कर्तव्यांबद्दल पानंच्या पानं आहेत, पण असा दावा आणि त्यापोटी तुरुंग, ही व्यवस्था ब्रिटिश कोर्टांनी इथे रुजवली. हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत असा हुकूम न पाळणाऱ्याला कैदेची तरतूद होती. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट ही की, इंग्लंडने स्वतःच्या बायकांसाठी ही कैद 1884 मध्येच काढून टाकली होती. त्याच वर्षी दादाजीची नोटीस रखमाबाईंच्या घरी आली! तीन वर्षांनी मुंबईत एक इंग्रज न्यायाधीश त्याच कैदेचा हुकूम देत होता. इथल्या संहितेतून ही कैद गेली 1923 मध्ये. म्हणजे रखमाबाईंना तुरुंगाच्या दारापर्यंत नेणारा कायदा राणीच्या राज्याचा होता. आणि सोडवल्याचं श्रेयही आपण राणीलाच द्यायचं?

एक उलटा मजकूरही अधूनमधून दिसतो, त्याचीही दखल घेते. श्रीमंत मुलगी, इंग्रजी शिकून बिघडली, गरीब नवरा नकोसा झाला. हा आरोप नवा नाही. दादाजीने 1887 मध्ये स्वतःची बाजू मांडणारी पुस्तिका छापली, तिच्यात हेच होतं. रखमाबाईंचे आजोबा आणि आई मालमत्तेसाठी तिला अडवून ठेवतात, असा त्याचा दावा होता. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून त्याला सविस्तर जाहीर उत्तर दिलं. तसंही, पहिल्या निकालाच्या आधीच 1885 मध्ये 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर पत्रं लिहिली होती. बालविवाह आपल्या आणि आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टीच्या, म्हणजे अभ्यासाच्या, आड आला, हे दुःख त्यांनी तिथे मांडलं आहे. पैशासाठी लढणारी बाई तुरुंग पत्करत नाही, आणि दोन हजार रुपये तर मिळाले दादाजीला.

1891 च्या कायद्याबद्दल थोडं सबुरीने बोलायला हवं, कारण यात अर्धं तथ्य आहे. या खटल्याने हिंदुस्थानात आणि इंग्लंडात बालविवाहाचा प्रश्न पेटवला. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध 1884 पासून चालवलेल्या चळवळीला त्यातून बळ मिळालं. पण तातडीचं कारण वेगळं होतं. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तिचं वय 10 च्या वर असल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. त्यानंतर संमतीचं वय 10 वरून 12 केलं गेलं. आता विचार करा, हा कायदा आधीच असता तर रखमाबाईंचं काय झालं असतं? काहीच वेगळं नाही. नोटीस आली तेव्हा त्या 19 वर्षांच्या होत्या. त्यांचा प्रश्न होता की, कळत नसताना लावून दिलेलं लग्न मला का बांधील असावं. 1891 च्या कायद्याने या प्रश्नाला हातही लावला नाही.

पहिल्या डॉक्टरचा मुद्दा चटकन मिटतो. आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात पदवी घेतली ती 1886 मध्ये, आणि त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झाल्या. आनंदीबाई पुढच्याच वर्षी गेल्या, कादंबिनींनी मात्र व्यवसाय केला. रखमाबाई 1889 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, तेव्हा कादंबिनी रोगी तपासत होत्या.

पहिल्या नव्हत्या म्हणून रखमाबाई तसूभरही लहान होत नाहीत. उलट या 'पहिल्या'च्या हट्टापायी त्यांचं खरं काम झाकलं गेलं आहे. खटल्याची चार वर्षं सगळ्यांना ठाऊक आहेत. 1894 मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर सुमारे 35 वर्षं त्या सुरत आणि राजकोट इथल्या स्त्रियांच्या रुग्णालयांत राबल्या, त्याबद्दल मजकुरात एक शब्द नसतो. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नसत. आजार अंगावर काढत, बाळंतपणात मरत. अशा गावांत स्त्री डॉक्टर असणं म्हणजे काय, हे त्या रोज पाहत होत्या. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदा का गेला पाहिजे यावर पुस्तिका लिहिली, तिच्यामागे हा अनुभव होता. ज्या बाईची ओळख आपण एका नवऱ्याला नकार दिला एवढीच ठेवतो, तिच्या आयुष्याचा मोठा भाग हा आहे.

राहिलं शेवटचं वाक्य, आज कोणत्याही स्त्रीवर तशी वेळ येत नाही हे. कैद गेली, पण दावा गेला नाही. तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आहे. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, कारण ते स्त्रीच्या खाजगी आयुष्यावर आणि शरीरावर घाला घालतं. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. इंग्लंडने हा दावा 1970 मध्येच मोडीत काढला होता. आपल्याकडे मात्र नवरा किंवा बायको हा दावा लावू शकते, आणि हुकूम मुद्दाम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती आणण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 32 मध्ये आहे.