मिरजेच्या काकांना उत्तर: तीन बोटांची गिटार आणि तुमच्या कपाटातलं रिळ

काका, नमस्कार.

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या जानेवारी १९७५ च्या शिकागोतल्या कार्यक्रमाच्या टेपवर केलेलं काम मी इथे मांडलं आणि त्याखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमचं शेवटचं वाक्य मनातून जात नव्हतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कलाकाराला न विचारता गर्दीत लपून केलेलं रेकॉर्डिंग ही चोरी. ज्या रात्री गाणाऱ्याचा गळा बसला होता आणि वाजवणाऱ्याचा हात दुखावला होता, ती रात्र पन्नास वर्षांनी चारचौघांत ऐकवणं हा त्यांचा अपमान. आणि संगणकावर घासूनपुसून ती टेप ‘स्वच्छ’ करणं हा खोटेपणा. मग तुम्ही लिहिलंत की १९८१ साली तुमच्या मिरजेच्या घरी एका गवयाची बैठक झाली, वडिलांनी ती रिळावर घेतली, सकाळी निघताना गवई म्हणाले, “ही कुणाला ऐकवू नका,” आणि ते रिळ आजवर एकदाही वाजलेलं नाही.

त्या रिळाकडे येतो. आधी बाकीचं.

घासण्यापुसण्याबद्दल तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात. याच बँडच्या २१ जून १९७७ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमाची माझ्याकडची टेप कितव्यातरी पिढीची कॉपी आहे, खरखर भरपूर. दोन वर्षांपूर्वी मी ती खरखर हट्टाने काढली. सिंबल, म्हणजे ड्रमच्या झांजा, पाण्याखाली वाजल्यासारखे झाले आणि टाळ्या ‘प्लास्टिकची पिशवी चुरगळल्यासारख्या’. हे तुमचेच शब्द आहेत आणि नेमके आहेत. खरखर आणि सिंबलची झळाळी आवाजाच्या एकाच पट्ट्यात राहतात, एक काढायला गेलं की दुसरी खरवडली जाते. ती फाइल मी परवा इथून काढून टाकली. नवी चढवली आहे, खरखरीसकट. मधल्या शांततेत कुणीतरी मित्राला हाक मारतो, तेही ठेवलं आहे.

पण वेगाची दुरुस्ती मी सोडणार नाही, आणि ती का हे तुम्हाला सांगायला मला विशेष आवडेल, कारण तुम्ही तंबोऱ्यांच्या गावचे. लपवून नेलेला रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. सेल उतरत गेले की रेकॉर्डर मंदावतो, आणि तीच टेप घरी नीट वेगाने लावली की गाणं चढं ऐकू येतं. मग खरा वेग शोधायचा कसा? अमेरिकेतली वीज ६० सायकलची, इंग्लंडातली आपल्यासारखी ५० ची. स्टेजवरच्या अँप्लिफायरची बारीक घुमघुम त्याच मापाची असते आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत ती टेपवर सापडते. अमेरिकेतल्या टेपवर ती ६०च्या जागी ६१.२ ला सापडली, तर टेप शेकडा दोनने जलद धावते आहे. तीन तासांच्या कार्यक्रमातून साडेतीन मिनिटं गायब होतात आणि षड्ज अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने वर सरकतो. एवढा हललेला षड्ज तुम्ही स्वतः पाच मिनिटं तरी सहन कराल का?

किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तरुणपणीच्या तबकड्या आठवा. त्या काळी सगळ्या तबकड्या काटेकोर मिनिटाला ७८ फेऱ्यांनी भरल्या जात नव्हत्या. डोळे मिटून ७८ वर लावली की गळा वेगळाच भासू शकतो. जाणकार माणूस वेग जुळवून खाँसाहेबांचा खरा स्वर शोधतो, त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मी तेच करतो. कॅसेट वाचणाऱ्या हेडचा तिरकेपणा जुळवणंही त्यातलंच. हेडशेजारचा लहानसा स्क्रू पाव आटा फिरवला की दबलेले वरचे स्वर मोकळे होतात. ते मी घातलेले नसतात, टेपवर आधीपासून असतात.

चोरीबद्दल फार वाद घालत नाही. बँडला हे आवडत नव्हतं, हे खरंच आहे. त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट रेकॉर्डर दिसला की तोडायचा. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्याने आवाजाची पातळी मोजायला आलेल्या लोकांची यंत्रंसुद्धा चोरटे समजून फोडली. पण टेप करणारे सगळे एका माळेचे नव्हते. ती २१ जूनची टेप करणारा माइक मिलार्ड नाकामिची रेकॉर्डर लपवता यावा म्हणून चाकांच्या खुर्चीत बसून आत जायचा. त्याने आपल्या टेपचा धंदा केला नाही. उलट दुसऱ्याला दिलेल्या कॉपींवर खुणा ठेवायचा, म्हणजे कुणी तबकड्या छापून विकल्या तर कळावं. मीही पैसे घेत नाही, आणि जे अधिकृतपणे बाजारात आलं ते माझ्या यादीतून त्याच दिवशी निघतं. बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती ४३ वर्षं फक्त चोरट्या कॉपींतून फिरली. २०१५ मध्ये पेजने ती रीतसर प्रकाशित केली आणि मी माझ्या यादीतून काढली.

आता अपमान. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

१९७५ चा दौरा सुरू व्हायच्या तोंडावर पेजच्या डाव्या हाताची अनामिका रेल्वेच्या दारात चेंगरली. गिटारवर डावा हात म्हणजे स्वर दाबणारा हात. तीन बोटांवर त्याने जानेवारी काढला. त्यात प्लांट तापाने आजारी, आवाज फाटलेला. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे त्यांचं सगळ्यात लांब चालणारं गाणं सुरुवातीला बाजूला ठेवावं लागलं. शिकागोच्या टेपवर हे सगळं ऐकू येतं. रोजच्या जागा टाळून पेज आडवाटेने जातो, कधी चुकतो, आणि एखाद्या ठिकाणी अशी नवी वाट काढतो जी धड हाताने त्याला सुचली नसती. प्लांट वरचा स्वर सोडून खालून वळसा घेतो. मी ही टेप पहिल्यांदा नीट वेगाने ऐकली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून उभा राहिलो होतो. हा अपमान आहे असं मला त्या रात्रीही वाटलं नाही, आजही वाटत नाही. उतारवयातल्या गवयाचा गळा साथ देत नसताना तो फक्त जागा दाखवून जातो, तेव्हा आपण मान डोलावतोच ना?

शिवाय ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ १९६९ च्या तबकडीवर साडेसहा मिनिटांचं आहे, आणि १९७६ मध्ये बँडने स्वतः काढलेल्या पहिल्या लाइव्ह अल्बमवर २७ मिनिटांच्या आसपास. मधल्या वर्षांत बंदिशीचा विस्तार कसा होत गेला, कुठली जागा कधी आली, कुठली गळाली? हे वर्षावर्षाने ऐकायचं तर प्रामुख्याने श्रोत्यांत बसून केलेल्या टेपच आधाराला आहेत. खाँसाहेबांचं गाणं आपल्या हाती आहे ते बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमधून. त्यांची एखादी पूर्ण रात्र कुणी मागे बसून टेप करू शकला असता, तर तुम्ही त्याला चोर म्हणाला असतात?

तुमच्या घरच्या गवयांची गोष्ट मात्र वेगळी आहे, हे मला मान्य आहे. ते तोंडाने नको म्हणाले आणि तुमच्या घराने शब्द पाळला. त्या शब्दापुढे माझा वर लिहिलेला एकही मुद्दा टिकत नाही. पण काका, न ऐकवणं वेगळं आणि नासू देणं वेगळं. ते नको म्हणाले ते ऐकवायला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात माझ्या कॅसेटची दोन खोकी होती. चांगलं मशीन मिळालं की संगणकावर उतरवू, असं म्हणत मी चार वर्षं घालवली होती. पाणी ओसरल्यावर कृष्णेचा गाळ कॅसेटच्या आत बसला होता. स्क्रू काढून एकेक टेप डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुतली, पंख्यापासून लांब सावलीत वाळवली, नव्या खोळीत भरली. चाळीसपैकी अकरा वाचल्या. गेलेल्यांत दोन अशा होत्या ज्यांची दुसरी प्रत मला अजून कुठे सापडलेली नाही.

तुमचं रिळ पाण्यात गेलं नसलं तरी चाळीसहून अधिक वर्षं एकाच गुंडाळीत आहे. त्या काळच्या काही टेपचा लेप हवेतली ओल शोषून चिकट होतो. अशी टेप मशीनवर लावली की किंचाळते आणि तपकिरी भुकटी हेडवर सोडते. ती भुकटी म्हणजेच गाणं. म्हणून घरातल्या जुन्या मशीनवर ‘बघू तरी’ म्हणून कृपया लावू नका. टेप चिकट असेल तर आधी मंद, मोजक्या उष्णतेवर काही तास शेकावी लागते, नसेल तर शेकायची नाही. ते हाताळून ठरवता येतं. आणखी एक होतं. गुंडाळीतला एक थर शेजारच्या थरावर आपला ठसा उमटवतो. गवयांनी पहिला षड्ज लावण्याच्या क्षणभर आधी त्याच षड्जाची अंधुक सावली ऐकू येईल. दचकू नका, ती टेपच्या वयाची खूण आहे.

तुम्ही हो म्हणालात तर येत्या रविवारी मशीन घेऊन मिरजेला येतो. स्पीकर आणणार नाही. हेडफोन एकच असेल आणि तो तुमच्या कानांवर. मी मीटरचे काटे बघून पातळी सांभाळेन, त्यासाठी मला ऐकावं लागत नाही. रिळ आणि उतरवलेली प्रत दोन्ही तुमच्याच कपाटात परत जातील.