डिस्नीलँड पॅरिसच्या दिवसाबद्दल तुम्ही लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. उत्तर द्यायच्या आधी तुमच्या सहलीची फाइल काढून ती पहिल्यापासून वाचली, म्हणून दोन दिवस गेले. तुम्ही दोन तारे दिलेत. डिस्नीलँडच्या एका दिवसासाठी आजींसह चौघांची तिकिटं काढली, चार वर्षांच्या लेकीला उंची कमी म्हणून राईडवरून परत पाठवलं, एका अंधाऱ्या राईडमध्ये ती घाबरून रडली, दिवसभरात जेमतेम सात राईड झाल्या, आणि रात्रीची आतषबाजी तर आम्ही आखून दिलेल्या प्लॅनमध्येच नव्हती, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे. बाकीच्या दोन गोष्टींबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय.

आधी उंचीचं. आमच्या फॉर्ममध्ये मुलांचं वय विचारलेलं होतं, उंची नव्हती. तिथे तिकीट वयावर मिळतं आणि राईड उंचीवर. तीन वर्षं पूर्ण झाली की मुलाचं तिकीट काढावंच लागतं. पण बिग थंडर माउंटन या रोलरकोस्टरला किमान १०२ सेंटीमीटर लागतात, स्टार टूर्सला तेवढेच, हायपरस्पेस माउंटनला १२०, आणि इंडियाना जोन्सच्या राईडला १४०. तुमची लेक ९७ सेंटीमीटरची. तिकीट लागण्याएवढी मोठी आणि राईडसाठी लहान, अशा नेमक्या वयात ती आहे. हे मी तुम्हाला पैसे भरायच्या आधी फोनवर सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं, तर निदान मोजपट्टीपाशी उभं राहून तिला समजावायची वेळ तुमच्यावर आली नसती. आपल्याला का सोडत नाहीत हे चार वर्षांच्या मुलीला कळणार कसं? याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यातच बेबी स्विचची सोय तुमच्याकडून राहून गेली. मूल राईडला चालत नसेल, तर आईबाबांपैकी एकाने रांगेतून जाऊन यायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, आणि मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडतात. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं, एवढंच. तुम्हाला दिलेल्या फाइलमध्ये हे नवव्या पानावर होतं. मूल कडेवर असताना नववं पान कोणी उघडत नाही, हे मला कळायला हवं होतं.

आता फँटम मॅनर, म्हणजे ती अंधारी भुताच्या वाड्याची राईड. तिथे उंचीची अट नाही, म्हणून ती राईड तुमच्या प्लॅनमध्ये आली. चूक इथेच झाली. उंचीची अट असते ती वेगासाठी, झटक्यांसाठी, सुरक्षेचा दांडा अंगाला नीट बसावा म्हणून. अंधार, किंचाळ्या, सांगाडे यांसाठी अट नसते. लहान मुलाला चालेल का, हा प्रश्न त्या अटीवरून सुटत नाही, आणि आम्ही तो तिथेच सोडवला. पायरेट्सच्या राईडमधली होडीसुद्धा अंधारात खाली घसरते. तुम्ही ती गाळलीत हे बरं केलंत. तुमच्या लेकीची मी माफी मागते. सहलीनंतर तीन रात्री ती दिवा लावून झोपली, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी दुसऱ्याच दिवशी आमच्या सगळ्या प्लॅनमधून ही राईड सहा वर्षांखालच्या मुलांसाठी काढून टाकली.

सात राईडबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. डंबो, चहाचे कप, लान्सलॉटचं कॅरोसेल, इट्स अ स्मॉल वर्ल्डची होडी, केसी ज्युनिअरची आगगाडी, हे सगळं तिने केलं. राईड चालते काही मिनिटं आणि रांग त्याच्या कितीतरी पट. म्हणून मी रांग नसलेल्या जागा मुद्दाम घातल्या होत्या: ॲलिसचा भूलभुलैया, किल्ल्याच्या तळघरातला ड्रॅगन, झाडावरचं घर. भूलभुलैयात पाऊण तास "वाया गेला" असं तुम्ही लिहिलंत, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंत की ती तिथून निघायलाच तयार नव्हती. ताई, त्या वयाच्या मुलीसाठी मी दिवस आखला होता तो नेमका ह्याच पाऊण तासासाठी.

एक गोष्ट जमली नाही याची हळहळ वाटते. पॅरिसचा बिग थंडर माउंटन तळ्याच्या मधोमध बेटावर आहे आणि वाफेच्या बोटीची फेरी त्याला वळसा घालून जाते. बाबा गाडीत, आजी आणि नात बोटीवर, असं दुपारसाठी लिहिलं होतं. त्या दिवशी बोट बंद होती. अशा वेळी काय करायचं हे प्लॅनमध्ये नव्हतं. आता असतं.

आणि आतषबाजी. मेअखेरीस पॅरिसला सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे तो कार्यक्रम अकराच्या सुमारास होतो. तेव्हा भारतात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. तुम्ही दोनच दिवसांपूर्वी पोचला होतात आणि लेक पहाटे चारला उठून बसत होती, कारण तिच्या शरीराला साडेसात वाजले होते. दुपारी दोन तास हॉटेलवर झोप आणि संध्याकाळची मिरवणूक बघून परत, हे मी त्यासाठीच ठेवलं होतं. पुन्हा आखायचं झालं तरी मी तसंच आखेन. पण का, ते तुम्हाला आधी सांगून, आणि निर्णय तुमच्यावर सोडून. मोठ्यांपैकी कोणाला थांबायचं असतं, तर आजींनी नातीला घेऊन परत जायची सोय करता आली असती. तो पर्याय मी दिला नाही.

त्या दिवसाच्या आखणीचं आमचं शुल्क आज तुमच्या खात्यात परत पाठवलं आहे. पार्कची तिकिटं आमच्या हातात नसतात, त्यांचे पैसे परत मिळवता येणार नाहीत. फॉर्ममध्ये आता बूट काढून मोजलेली उंची, अंधाराची भीती आणि दुपारच्या झोपेची वेळ असे तीन प्रश्न वाढवले आहेत. बेबी स्विच पहिल्या पानावर आणलं आहे. या वयाची मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंटीमीटर वाढतात, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तुमची लेक १०२च्या पुढे गेलेली असेल. पुन्हा जायचं ठरलं, तर आमच्याकडूनच जा असं मी म्हणणार नाही. पण फोन केलात तर आखणी मी स्वतः करून देईन, शुल्क न घेता.