ओरडता काय, आधी सांगायला काय झालं होतं?

डोकं इतकं फिरलंय ना, की आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. परवा रात्री आमच्या मांजरीचं, मनीचं, अंग तापलं होतं, खात नव्हती, कोपऱ्यात बसून होती. प्राण्यांच्या क्लिनिकला फोन केला तर रेकॉर्डिंग, वेळ अमुक ते तमुक, लसीकरणासाठी अपॉइंटमेंट घ्या, धन्यवाद. मी अजून दुसरा डॉक्टर शोधतेय तोवर आईने अर्धी पॅरासिटामॉल पाण्यात विरघळवून तिला पाजली पण. पाचशेची अर्धी. तान्ह्या बाळांना ताप आला की हेच औषध देतात, मग हिला का नाही, एवढाच तिचा विचार. पहाटे बघतो तर हिरड्या चॉकलेटी पडलेल्या, तोंड आणि पंजे सुजलेले, श्वासासाठी धडपड चाललेली.

उचलून नेलं तर डॉक्टर सगळ्यांसमोर आईवर ओरडले, "एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

नाही कळत! कुठून कळणार? तीन वर्षं येतोय आम्ही तुमच्याकडे, लसी, जंताचं औषध, नसबंदी, सगळं तुमच्याकडेच केलं. गोचिडांवर कुठलं औषध लावायचं, कुठलं खाणं चांगलं, सगळं सांगितलंत, भिंतीवर त्याचेच पोस्टर. लसीची तारीख जवळ आली की तीन-तीन मेसेज येतात. पण माणसाची गोळी मांजराला द्यायची नाही हे एक वाक्य तीन वर्षांत कुणाच्या तोंडून निघालं नाही.

माणसाचं लिव्हर पॅरासिटामॉल ज्या पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं ती सोय मांजराच्या लिव्हरमध्ये जवळपास नाहीच, म्हणून त्याचं विष होतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या चॉकलेटी पडतात त्या त्यामुळे. चार किलोच्या मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी. हे मला त्यांनी सलाईन लावता लावता सांगितलं, अर्ध्या मिनिटात. हेच अर्धं मिनिट पहिल्या लसीच्या दिवशी नव्हतं का?

आणि एकट्या पॅरासिटामॉलचं नाहीये हे. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. केस उगवायला लावतात ते मिनॉक्सिडिल, उशीला लागलेलं मांजराने चाटलं तरी जिवावर बेततं. शुगर-फ्री सिरपमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीला घालतात ते, असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. लहान मुलांना उघडत नाही ती बाटली कुत्रा चावून फोडतो, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा तर त्याला खेळणंच वाटतो. आमच्या घरात बीपीच्या गोळ्या आहेत, थायरॉईडच्या आहेत, सगळ्या उघड्यावर, कारण घरात कोण काय औषध घेतं हे आजवर क्लिनिकमध्ये कुणी विचारलंच नाही.

काय अवघड आहे यात? त्या रेकॉर्डिंगमध्येच एक वाक्य टाका, घरातलं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. माणूस रात्री घाबरून फोन करतो तेव्हाच तर घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो, नेमकं तेव्हा ऐकू येऊ दे ना त्याला. सोबत रात्री सुरू असलेल्या हॉस्पिटलचा नंबर. लसीच्या कार्डाचं मागचं पान कोरं असतं, तिथे छापा, घरातल्या मोठ्या माणसांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, कारण गोळी देणारा हात बहुतेक वेळा त्यांचा असतो आणि क्लिनिकला ते कधी आलेलेच नसतात. आणि चुकून पोटात गेलंच तर पाकीट घेऊन लगेच निघा, मनाने मीठ-पाणी पाजून ओकवू नका, हेही लिहा. जे मेसेज लसीला पाठवता त्यातला एक यासाठी पाठवा.

ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे या विषावरचा उतारा, आणि ऑक्सिजनवर मनी वाचली. आई मात्र अजून धड जेवत नाहीये, मी मारलं असतं गं तिला, एवढंच म्हणत बसते. तिला सांगून सांगून थकले की चूक तुझी नाही.

आज डिस्चार्ज घेतला. कागदावर औषधांच्या वेळा, पुढची तारीख, बिल. एवढं होऊनही पॅरासिटामॉलचा शब्द नाही. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा मांजरीचं पिल्लू घेऊन पहिल्या लसीला आलेला, त्याला तेच कार्ड दिलं, तेच जंताचं सांगितलं, पाठवलं. मी दारापर्यंत मागे धावत गेले आणि त्याला उभं करून सगळं सांगितलं.