सगळे सिंह बघत होते, मी गुरं बघत होतो

आफ्रिकेहून येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "किती सिंह दिसले?" अकरा दिसले. बिबटे दोन, गेंडे चार, चित्ता एक, तोही पाठमोरा. झालं समाधान? आता मला जे सांगायचंय ते सांगतो. लांबण आहे, चहा घेऊन बसा.

बुकिंग मुलीने परस्पर केलं. नैरोबी ते विंडहूक, सहा देश, ४१ दिवस, ट्रकने. हो, ट्रकच. मालट्रकच्या सांगाड्यावर सीटं बसवलेली, मोठ्या खिडक्या, आणि खालच्या कप्प्यांत तंबू, भांडी, गॅसच्या टाक्या. तंबू आपला आपण ठोकायचा, भांडी पाळीपाळीने घासायची. तिसऱ्याच दिवशी आमची भांड्यांची पाळी आली, तेव्हा सौ. हळूच म्हणाली, "अहो, याचे आपण पैसे भरलेत ना?"

नवीन मित्रांसाठी सांगतो, मी ३२ वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून सरकारी नोकरी केली. त्यातली बरीचशी आटपाडी, जत, माण या पट्ट्यात. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार बघत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर सिंहावर फार वेळ टिकत नाही. तो झोपलेलाच असतो. दिवसातले अठरा-वीस तास. शेपटी हलली की वीस कॅमेरे कडकडतात.

नैरोबी सोडताना पहिल्याच तासात रस्त्यावर पाटी दिसली, काबेटे. मी सीटवरून उठलोच. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी कॉलेजात घोकलेलं नाव हे. बुळकांडी म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, इंग्रजीत रिंडरपेस्ट. तिच्या लसीसाठी वापरलेल्या विषाणूचं मूळ वाण 'काबेटे ओ'. आणि तिथून थोडं पुढे मुगुगा, जिथे वॉल्टर प्लॉराइट या शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास ती पेशींवर वाढवलेली लस तयार केली. नव्वदच्या आसपास मी थर्मासमध्ये बर्फ घालून तीच लस घेऊन मोटरसायकलवर वाड्यावस्त्या फिरलोय. मारुतीच्या देवळापुढे गुरं गोळा करायची आणि दुपारी बर्फ वितळायच्या आत संपवायचं. १९९५ नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेली. माणसाने देवी घालवली, त्यानंतर समूळ गेलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग. ट्रकमधल्या एकालाही त्या पाटीचं काही नव्हतं. सांगायचा प्रयत्न केला. "ओह, नाइस," म्हणाले.

नारोकच्या पुढे ट्रक पंक्चर झाला आणि दीड तास मिळाला. रस्त्याकडेला एक म्हातारे मसाई, म्हणजे इथल्या पशुपालक जमातीतले, गुरं चारत होते. लहान चणीची, वशिंडाची, आपल्या डोंगरी गुरांची आठवण येईल अशी. ड्रायव्हरला दुभाषा केलं. मी जनावरांचा डॉक्टर म्हटल्यावर आजोबांनी मला मुकाट्याने एका कालवडीकडे नेलं आणि तिच्या कानाखाली बोट ठेवलं. गाठ सुजलेली, अंग तापलेलं. कानात गोचीड. आपल्याकडे संकरित गाईंना गोचीडताप होतो, त्याचाच हा आफ्रिकी भाऊ, जास्त जहाल. माझ्याकडे औषध नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांना फक्त निदान ताडून बघायचं होतं. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून ट्रकवरचा सगळा स्टाफ मला 'दक्तारी' म्हणायला लागला. स्वाहिलीत डॉक्टरला तसंच म्हणतात. बाकी ही भाषा फार परकी वाटत नाही. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी'. आणि 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास, आपली सफर त्याच अरबी मुळातली. सिंहाचा त्या शब्दाशी काही संबंध नाही.

मसाई मारा अभयारण्याच्या हद्दीवर तो प्रसंग झाला, ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय. संध्याकाळचं ऊन, सोनेरी गवत, पलीकडे झेब्रे, आणि मधून एक पोरगा शंभरेक गाई घेऊन घराकडे निघालेला. आमच्यातला एक जण कॅमेरा खाली ठेवून वैतागला, "या गाईंमुळे फोटोची वाट लागली." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तेव्हा मी गप्प बसलो, माझं इंग्रजी भांडणापुरतं येत नाही. इथे बोलतो.

ज्याला आपण 'अस्पर्श आफ्रिका' म्हणतो ती मुळात अस्पर्श नाही, उजाड झालेली आहे. १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेने आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी इरिट्रियात उतरली. ती गुरं भारतातून नेलेली होती असं मानलं जातं. दहा वर्षांत रोग थेट दक्षिण टोकाला, केपपर्यंत गेला. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली. रानरेडे, विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण), जिराफही मेले. मसाई त्या काळाला 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सगळं पुसून टाकणारा. गुरं गेली, मागून दुष्काळ आणि देवी आली, माणसं गेली. मोकळ्या कुरणांवर झुडपं माजली. त्यानंतर आलेल्या गोऱ्या साहेबाला दिसलं ते रिकामं रान. त्याला वाटलं, हे असंच होतं सृष्टीच्या आरंभापासून. मग त्यावर रेघा मारून अभयारण्यं झाली. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाईंना बाहेर काढून शेजारच्या गोरोंगोरोत बसवलं.

खरी मेख पुढे आहे. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. दरवर्षी वासरं बुळकांडीने मरायची. मग आजूबाजूच्या पशुपालकांच्या गाईंना लस टोचली गेली. विल्डबीस्टला कोणी सुई लावली नाही, लावणार तरी कशी! गाईंमधला रोग हटला तसा तो जंगलातूनही हटला आणि १९७७ पर्यंत विल्डबीस्ट बारा-तेरा लाखांच्या वर गेले. इतकी तोंडं चरायला लागल्यावर गवत उरेना, वणवे कमी झाले, झाडांची रोपं वाचली. आज तुमच्या मोबाइलवर नदीत उड्या घेणाऱ्या त्या कळपाचे व्हिडिओ येतात ना, तो कळप मसाईंच्या गाईंना लस दिली म्हणून आहे. आणि त्याच गाई फोटोत नकोत!

(नदी ओलांडताना आम्हाला काही दिसलं नाही. तीन तास काठावर बसलो. हजारभर विल्डबीस्ट आले, पाणी बघितलं, आपल्या ग्रामसभेसारखी चर्चा केली आणि परत गेले. आमच्याभोवती पंचेचाळीस गाड्या होत्या, त्या मात्र मी मोजल्या.)

सेरेंगेटीतल्या वाटाड्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुस्तकात वाचली होती पण माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. विल्डबीस्टच्या नवजात वासरांपासून गाईंना एक जीवघेणा ताप येतो. म्हणून विणीच्या दिवसांत मसाई सगळ्यात चांगलं गवत विल्डबीस्टला सोडतात आणि आपली गुरं हलक्या कुरणावर नेतात. विद्यापीठांनी विषाणू शोधायच्या आधीपासून. अशा लोकांना आपण निसर्गरक्षण शिकवायला जातो.

गोरोंगोरोत वर कड्यावर थंडीने कुडकुडत तंबू ठोकला. खालचं विवर बघून वाचा बसते, खोटं कशाला सांगू. जवळपास २६० चौरस किलोमीटरची परात आणि तिच्यात हत्तीसुद्धा मुंगीएवढे. पण १९५९ मध्ये जिथे मसाईंना 'तुम्ही इथे राहा' म्हणून आणलं, तिथूनच २०२२ पासून त्यांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेराला हलवणं सुरू आहे. सरकार म्हणतं स्वखुशीने जातायत. मसाई म्हणतात, दवाखाना आणि शाळा आटवल्यावर कुणाला खुशी उरते? गुरं आणि माणसं वाढली, चराईचा ताण आहे, हे मी नाकारत नाही. जनावरांच्या डॉक्टरला ते पहिलं दिसतं. पण विवराच्या कड्यावर लॉजं वाढतात त्यांचा ताण कुणी मोजताना दिसत नाही.

टांझानियाचा मोठा रस्ता मिकुमीच्या जंगलातूनच जातो. मलावीत तळ्याकाठी तीन दिवस कपडे धुतले आणि झोपलो. पुढे चला.

झांबियात शिरलो तेव्हा मला २०२२ चा आपला लम्पीचा पावसाळा आठवला. निवृत्त झालो होतो तरी गावोगाव बोलावणं यायचं. अंगभर गाठी आलेले बैल, लस कधी येणार म्हणून रडणाऱ्या बाया. तो रोग जगात पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ मध्ये, याच झांबियात. भारतात पोचायला त्याला नव्वद वर्षं लागली. आपली बुळकांडी तिकडे, त्यांचा लम्पी इकडे. फिटंफाट म्हणावी, तर दोन्हीकडे मेली गरिबाचीच गुरं.

साउथ लुआंग्वाच्या जंगलात रात्री बिबट्या दिसला, पण मला जास्त आवडली त्सेत्से माशी. चावल्यावर नव्हे, आधी. झाडांना निळी-काळी फडकी टांगलेली असतात, माशी त्या रंगावर येते आणि औषधाने मरते. माझा निळा शर्ट सौ.ने पिशवीच्या तळाशी घातला. ही माशी गुरांना जो रोग देते तो आपल्याकडच्या सर्रा या जनावरांच्या तापाचा भाऊबंद. तिच्यामुळेच या खोऱ्यात गोठे टिकले नाहीत आणि मला तरी वाटतं, म्हणूनच तिथे जंगल उरलं.

कझुंगुलाला झांबेझीवर २०२१ पासून पूल आहे, आधी ट्रक तराफ्यावरून न्यायचे. पूल उतरून बोट्स्वानात पाय ठेवला आणि शिपायाने सांगितलं, बूट ओल्या फडक्यावर पुसा. बॅगेतल्या जास्तीच्या चपलासुद्धा काढायला लावल्या. बाकीचे हसत होते. मला भरून आलं. लाळ्या-खुरकुतीची साथ आली की आपण गोठ्याच्या दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकतो, तोच प्रकार! रानरेडा हा रोग अंगावर बाळगतो आणि स्वतः ठणठणीत राहतो. बोट्स्वानाचं गोमांस युरोपात जातं, म्हणून रानरेडा आणि गाय यांच्यामध्ये त्यांनी शेकडो किलोमीटर तारांची कुंपणं घातली. त्यातलं कुकेचं कुंपण १९५० च्या दशकातलं. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले हजारो विल्डबीस्ट कुंपणांना अडून मेले.

कुंपण काढा, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः साथीत बाजार बंद केलेत, शिव्या खाल्ल्यात. पण लॉज ते लॉज छोट्या विमानाने उडणाऱ्याला हे कुंपण वरून रेघेसारखंही दिसत नाही. त्याला वाटतं हत्ती आणि आपण, मध्ये कोणी नाही. म्हणून मी सांगेन, जायचं तर रस्त्याने जा. कंबर मोडेल, धूळ खाल, पण दोन जंगलांच्या मध्ये जो देश असतो तो दिसेल.

नामिबियात रुंडूहून दक्षिणेला येताना मुरुरानीचं फाटक लागतं. त्याला तिथे 'लाल रेषा' म्हणतात. उत्तरेचं कच्चं मांस दक्षिणेला न्यायला बंदी. आमच्या आचाऱ्याला हे माहीत असल्यामुळे आदल्या रात्री सगळं मांस शिजवलं आणि आम्ही ते फडशा पाडल्यासारखं खाल्लं. रेषेच्या उत्तरेला बहुतेक छोटे काळे शेतकरी, दक्षिणेला मोठे कुंपणबंद फार्म. उत्तरेची गाय तितकीच गाय, पण तिला दक्षिणेचा भाव नाही. ही रेषा आखली जर्मनांनी, १८९६-९७ मध्ये. कशासाठी? बुळकांडी अडवण्यासाठी.

शेवटची रात्र एटोशात, ओकाउकुएजोच्या पाणवठ्यावर. दगडी भिंतीमागे बाकांवर माणसं बसतात, पाण्यावर मंद दिवे असतात आणि बोलायचं नाही. साडेदहाला काळा गेंडा आला, मागे पिल्लू. तेव्हाच मी सौ.च्या कानात सांगितलं, की ही जागासुद्धा मुळात १८९७ ची बुळकांडीची चौकी होती. जंगल नंतर झालं, १९०७ मध्ये. इथे गुरं अडवायला माणसं बसवली होती.

तिने ऐकून घेतलं. मग कुजबुजली, "म्हणजे तुमच्याच खात्याचं रेस्ट हाउस म्हणा."

पिल्लू पाण्यात उतरायला घाबरत होतं. आई थांबली होती.