देव जाणे

"तुझा देवावर विश्वास आहे का?" या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं चालतात. 'हो' म्हटलं तर समोरचा गळ्यात पडतो, 'नाही' म्हटलं तर अंगावर येतो. पण दोन्ही वेळा विषय तरी संपतो. मी "माहीत नाही" म्हणतो. मग तो खुर्ची जवळ ओढतो, आणि माझा पाऊण तास गेलाच म्हणून समजा.

"म्हणजे नास्तिक ना?"

"नाही हो. नास्तिकाला खात्री असते. मला तीही नाही."

"मग आस्तिकच की!"

लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना माझा पाय नेमका रेषेवर पडायचा आणि मी बाद व्हायचो. ती खोड अजून गेलेली नाही.

माझ्यासारख्या 'माहीत नाही'वाल्यांसाठी असलेला 'अज्ञेयवादी' हा भारदस्त शब्दही वापरून पाहिला. एका गृहस्थांनी आदरानं विचारलं, "हा पंथ नवीन का? गुरू कोण तुमचे?" गुरू सांगायचेच तर इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली. १८६९ साली मूळ इंग्रजी शब्द त्यानंच घडवला. तो ज्या तत्त्वचर्चा मंडळात जायचा तिथं बाकी प्रत्येकजण कुठला ना कुठला 'वादी', हाच एकटा बिनबिरुदाचा. सापळ्यात शेपूट गमावून भाऊबंदांत परतलेल्या कोल्ह्यासारखं आपलं झालं होतं, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. तेव्हा इतरांसारखं आपल्यालाही असावं म्हणून त्यानं हे एक शेपूट करून घेतलं. आज तेच मी लावून हिंडतोय, आणि लोक ते ओढून बघतात.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेललाही हा ताप चुकला नाही. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१८ साली त्याची ब्रिक्स्टनच्या तुरुंगात रवानगी झाली. दारावरच्या शिपायानं नोंदीसाठी धर्म विचारला. यानं अज्ञेयवादी असल्याचं सांगितलं. शिपायानं स्पेलिंग विचारून घेतलं आणि सुस्कारा सोडला, "धर्म पुष्कळ आहेत, पण सगळे एकाच देवाला भजत असणार म्हणा." त्या वाक्यावर रसेलचा आठवडा मजेत गेला. माझ्या वाट्याला असा समजूतदार शिपाई अजून आलेला नाही.

आस्तिकांचं एक बरं असतं. ते माझ्याबद्दल आशा सोडत नाहीत. माझा नास्तिक मित्र मात्र मला भित्रा समजतो. "मंगळ आणि पृथ्वीच्या मध्ये चिनी मातीची किटली फिरतेय असं कोणी म्हणालं, तर तिथंही 'माहीत नाही'च म्हणशील?" हा दाखलाही रसेलचाच, म्हणजे मार घरच्याच काठीचा. मी म्हटलं, "किटलीपाशी रडून कोणाला मोकळं वाटल्याचं ऐकलं नाही." "हा मुद्दाच नाही," तो म्हणाला. नव्हताच. पण माझ्याकडे तेवढाच होता.

एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत आहे. औषध बंद करा, श्रद्धा पुरेशी आहे, असं एका आजारी माणसाला कोणी सांगत होतं. तिथं माझा अज्ञेयवाद एका मिनिटात संपला आणि आवाज चढला. बाकी ज्यानं त्यानं आपापल्या देवाशी हवं ते बोलावं. मी पावलं न वाजवता बाजूनं जातो.

खरा घात केला तो भाषेनं. मराठीत एखादी गोष्ट ठाऊक नसली की आपण काय म्हणतो? "देव जाणे!" म्हणजे माझ्या तत्त्वज्ञानाचं सार सांगायला तोंड उघडावं, तर पहिला शब्दच विरोधी पक्षाचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त याच्याही पुढं गेलंय. ही सृष्टी कुठून झाली हे परम आकाशातल्या तिच्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल, असं म्हणून ते सूक्त संपतं. देव जाणे, किंवा तोही न जाणे! हे मावशीला ऐकवलं, तर ती म्हणाली, "बघ, वेदात आहे म्हणजे देव आहेच."

ही मावशी रोज पहाटे प्रार्थनेत घरातल्या सगळ्यांची नावं घेते. यादीत माझंही नाव आहे, बहुधा वरच्या क्रमांकावर. इतकी वर्षं मी हे मोठ्या मनानं चालवून घेतलं, अशी माझी समजूत होती. परवा कशावरून तरी आमचं वाजलं.

"तुला पटतच नाही ना? उद्यापासून तुझं नाव वगळते. उगाच तुझ्यावर जबरदस्ती नको."

तत्त्वाला धरून मी "बरं" म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर आलाही. पण पोटात काहीतरी हललं.

"राहू दे गं," मी म्हटलं. "एका नावानं काय ओझं होतंय तुला?"

"का पण? तुझा विश्वास नाही, मग कशाला हवंय?"

आता याचं उत्तर मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"देव जाणे," मी म्हणालो.

मावशीनं चष्मा वर सरकवला. "मी तरी इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय?"