‘सीएसव्ही आणि एक्सेल एकच’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘फाइल फॉरमॅटचे पाच सोपे नियम, प्रत्येक डेव्हलपरने सेव्ह करून ठेवा’ असा एक मेसेज फिरतोय. मला तो चार वेळा आला आणि चारही वेळा मी दुर्लक्ष केलं. परवा भाचीचा फोन आला. नोकरीला लागून तिला जेमतेम पाच महिने झालेत. रडवेली होऊन विचारत होती, “मावशी, मी नियमाप्रमाणेच केलं गं, मग सगळे खाते क्रमांक सारखे कसे झाले?” कुठला नियम म्हणून विचारलं, तर हाच मेसेज निघाला. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. फॉरमॅट म्हणजे नुसतं नाव, एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट) बदललं की फाइल बदलते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची फाइल) आणि एक्सेल एकच, इकडून तिकडे नेताना डेटा जसाच्या तसा राहतो. पीडीएफमधल्या गुप्त मजकुरावर काळी पट्टी ओढली की तो पुसला जातो. पीडीएफमधून वर्डची फाइल हुबेहूब परत मिळते. आणि या सगळ्याला ऑनलाइन कन्व्हर्टर पुरतात.

एक्स्टेन्शनचा मुद्दा लवकर संपवते. मेसेजमध्ये पुरावा म्हणून दिलंय की वर्डच्या डीओसीएक्स फाइलचं नाव बदलून झिप केलं की ती उघडते. उघडते, हे खरं आहे. पण ती पहिल्यापासून झिपच असते. आत एक्सएमएल फाइल्स, चित्रं, स्टाइल्स एकत्र बांधलेल्या असतात. नाव बदलल्यामुळे आतला एक बाइटही हलला नाही. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलला नव्या एक्सएलएसएक्स फॉरमॅटचं नाव देऊन पाहा, एक्सेल लगेच तक्रार करेल.

भाची फसली ती दुसऱ्या नियमात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. तिच्याकडे सोळा आकडी खाते क्रमांकांची सीएसव्ही आली होती. तिने ती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, एक कॉलम काढून टाकला, परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली आणि पुढच्या सिस्टीमला दिली. एवढंच. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. हा कॉलम आकड्यांचा, तो अक्षरांचा, हे सांगायला तिच्यात जागाच नाही. सीएसव्हीचे नियम लिहून ठेवणारा २००५ सालचा दस्तऐवज, आरएफसी ४१८०, वाचलात तरी त्यात स्वल्पविराम, अवतरण चिन्हं आणि ओळी यांचेच नियम सापडतील. मग एक्सेल स्वतः अंदाज करतं. संख्येसारखं दिसलं की संख्या मानतं, सुरुवातीची शून्यं टाकून देतं आणि पंधरा अंकांच्या पुढचे अंक शून्य करतं. त्यावर कहर म्हणजे सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना ते सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. कॉलममध्ये ‘१.२३४५७ई+१५’ असं मोठ्या संख्येचं आखूड रूप दिसत असेल, तर फाइलमध्येही तेच उतरतं. एकाच मालिकेतले शेकडो खाते क्रमांक असे एकसारखे होऊन बसतात. एररही येत नाही. मूळ फाइल तिच्या वरिष्ठांकडे होती म्हणून निभावलं.

‘नवखी आहे, चुकली’ असं कुणी म्हणेल. मग इंग्लंडमधलं २०२० सालचं प्रकरण बघा. प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांचे निकाल सीएसव्हीत येत होते आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था ते एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमधल्या टेम्प्लेटमध्ये भरत होती. एक्सएलएसच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढे जागा नाही. एका रुग्णाला बऱ्याच ओळी लागत असल्यामुळे एका टेम्प्लेटमध्ये जेमतेम १,४०० रुग्ण बसत होते. बाकीचे गळून पडले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची नावं उशिरा पोचली. साथ वाढत असताना ते दिवस वाया गेले. आणि एक्सएलएसएक्स, ज्यात एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, तो २००७ च्या ऑफिसपासून उपलब्ध होता! ‘डेटा जसाच्या तसा राहतो’ हे वाक्य फॉरवर्ड करणाऱ्याने १५,८४१ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

जनुकांच्या नावांचंही असंच झालं. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ ही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलत राहिलं आणि शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरच्या अंदाजापुढे विज्ञानाला नमतं घ्यावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

करायचं काय? सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घ्या आणि क्रमांकांच्या कॉलमला ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्या. कोडमधून वाचत असाल तरी तेच, कॉलमचा प्रकार स्वतः सांगा. रूपांतराआधी आणि नंतर ओळी मोजा, क्रमांकांच्या कॉलममध्ये वेगवेगळे क्रमांक किती आहेत तेही मोजा. भाचीने ही दुसरी मोजणी केली असती तर चूक तिथेच दिसली असती.

काळ्या पट्टीचा नियमही तितकाच घातक आहे. पीडीएफमध्ये चौकोन काढला की तो मजकुराच्या वर बसतो, खालची अक्षरं फाइलमध्ये तशीच राहतात. सिलेक्ट करा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, सगळं वाचता येतं. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट (ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचाराचे एकेकाळचे प्रमुख) यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदपत्रातला झाकलेला भाग पत्रकारांनी असाच वाचला. मजकूर खरोखर काढून टाकणारं वेगळं साधन वापरा आणि नंतर फाइलमधला सगळा मजकूर बाहेर काढून तो शब्द शोधून बघा.

पीडीएफमधून हुबेहूब वर्ड? पीडीएफ कुठेही उघडली तरी पान सारखं दिसतं, हे मान्य. त्यासाठीच ती बनली. पण साध्या पीडीएफमध्ये परिच्छेद किंवा तक्ता अशी काही गोष्टच नसते. अमुक अक्षराकृती अमुक जागी, एवढंच असतं. टॅग केलेली, म्हणजे परिच्छेद-तक्त्यांच्या खुणा आत ठेवलेली पीडीएफ असेल तर रचना थोडीफार कळते, नाहीतर कन्व्हर्टर मोकळ्या जागा बघून तर्क करतो. मराठीत तर आणखी त्रास. पहिली वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते, कागदावर आधी दिसते. फॉन्टची माहिती पीडीएफमध्ये नीट भरलेली नसेल तर काढलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात आणि जोडाक्षरं फुटतात. पॅनडॉकसारखं नावाजलेलं साधन डझनावारी फॉरमॅट वाचतं, पीडीएफ तयारही करून देतं, पण पीडीएफ वाचत नाही. मूळ फाइल जपून ठेवा, एवढाच उपाय.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल जास्त लिहीत नाही. फाइल परक्या सर्व्हरवर जाते. पगारपत्रकं, रुग्णांचे रिपोर्ट, करार तिथे टाकू नका. लिबरऑफिस कमांड लाइनवरून हेच काम तुमच्याच मशीनवर करतं, तेही फुकट.

हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान दुसरा आणि तिसरा नियम चुकीचा आहे असं लिहावं. तिथे कुणीतरी आज पहिल्यांदाच खाते क्रमांकांची फाइल उघडत असेल.